खेळाडू मुलाचे विश्वस्त

ज्यांच्या घरातील एखादी शाखा अमेरिकेत रुजलेली नाही, अशी कुटुंबे आपल्या वाचकवर्गात आता थोडीच असतील. कोणाचा मुलगा न्यू जर्सीत, कोणाची पुतणी टेक्ससमध्ये, तर कोणाचे जावई कॅलिफोर्नियात संसार थाटून बसले आहेत. तिकडे जन्मलेल्या नातवंडांच्या हौशीमौजी तिकडच्याच असणार, हे ओघानेच आले. त्यांतील एखाद्या नातवाने बाराव्या-तेराव्या वर्षी ‘मी कॉलेजच्या संघातून बेसबॉल खेळणार’ असे जाहीर केले, म्हणजे इकडे आजोबा विचारात पडतात आणि तिकडे आईबाप खर्चात पडतात. या दोन्ही पक्षांस उपयोगी पडावे, अशा हेतूने पुढील चार गोष्टी लिहीत आहे. पस्तीस वर्षे मुलांना शिकविण्यात गेली आणि अलीकडे जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी अमेरिकेत काही महिने राहण्याचाही योग आला. तेव्हा हा विषय मला अगदीच परका नाही.

सांगावयाचे मुख्य सूत्र आरंभीच सांगून टाकतो. खेळाडू मुलाच्या आईबापांनी विश्वस्त व्हावे, सावकार होऊ नये. सावकार पैसा देतो तो व्याजासह परत येण्याच्या बोलीने. विश्वस्त दुसऱ्याची ठेव सांभाळतो, तिचा चोख हिशेब ठेवतो आणि धनी जाणता झाला म्हणजे ती त्याच्या स्वाधीन करतो. मुलाचे शरीर, त्याची विद्या आणि खेळाविषयीचे त्याचे प्रेम या तीन ठेवी आहेत. त्या कशा सांभाळाव्या, हाच या लेखाचा विषय आहे.

खेळाचे स्वरूप

क्रिकेट ज्याला कळते त्याला बेसबॉल फारसा अनोळखी वाटू नये. दोन्हींत एकाने चेंडू टाकावयाचा, दुसऱ्याने तो टोलवावयाचा आणि धावा काढावयाच्या. मुख्य भेद आहे तो चेंडू टाकण्यात. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला कोपरातून हात झटकण्याची मनाई आहे. बेसबॉलमधील चेंडू टाकणाऱ्याला, ज्याला तिकडे पिचर म्हणतात, तशी मनाई नाही. दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभे राहून साडेसाठ फूट अंतरावरील फलंदाजाकडे तो टप्पा न पाडता चेंडू फेकतो. आपल्या द्रुतगती गोलंदाजाला पळत येण्याचा वेग मिळतो. पिचरला तो मिळत नाही. जागच्या जागी एक पाय उचलून सर्व अंग पिळवटावयाचे आणि तो सगळा जोर कोपर व खांदा यांतून चेंडूत उतरवावयाचा, असा हा प्रकार आहे. मोठ्या महाविद्यालयांचे पिचर ताशी नव्वद मैलांच्या वर वेग गाठतात. असे सत्तर-ऐंशी, कधी शंभर चेंडू एका सामन्यात टाकावे लागतात. या खेळातील कीर्ती आणि संकट ही दोन्ही कोपरातच वसतात, असे म्हटले तरी चालेल.

जागा किती आणि पैसा किती

आता थोडा अंकगणिताचा विचार करू. अमेरिकेत शाळेच्या संघांतून बेसबॉल खेळणारी मुले जवळजवळ पाच लाख आहेत. तेथील महाविद्यालयीन खेळांची जी प्रमुख संघटना, एनसीएए, तिने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांवरून पाहता त्यांपैकी शेकडा सात-आठ मुलेच तिच्या कोणत्या तरी महाविद्यालयाकडून खेळू शकतात, आणि सर्वांत वरच्या पहिल्या वर्गात तर शेकडा दोन-अडीचच पोहोचतात. या संघटनेत महाविद्यालयांचे तीन वर्ग आहेत. बेसबॉल खेळणारी सर्वांत अधिक महाविद्यालये तिसऱ्या वर्गातील असून तेथे खेळासाठी म्हणून एक डॉलरही शिष्यवृत्ती दिली जात नाही. गुणवत्तेवर किंवा कुटुंबाच्या गरजेवर मिळेल तेवढेच साहाय्य. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी ज्या आठ विद्यापीठांची नावे आपल्याकडे भक्तिभावाने घेतली जातात, ती पहिल्या वर्गात खेळतात. परंतु खेळाची शिष्यवृत्ती तीही देत नाहीत.

पहिल्या वर्गातील एका संपूर्ण संघाला अनेक वर्षे एकूण ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती आणि त्या सत्तावीस खेळाडूंपर्यंत वाटल्या जात. म्हणजे सरासरीने एकेकाच्या वाट्यास निम्म्याहूनही कमी खर्च येई. ६ जून २०२५ रोजी एका न्यायालयीन तडजोडीस मान्यता मिळून हे चित्र पालटले. जी महाविद्यालये ही तडजोड स्वीकारतील त्यांना शिष्यवृत्त्यांची ती मर्यादा उरली नाही. मात्र संघात चौतीसच खेळाडू ठेवावयाचे, असे ठरले. हे ऐकून पुष्कळ पालक हुरळून गेले. पण परवानगी मिळणे वेगळे आणि तिजोरीत पैसा असणे वेगळे. शिवाय २०१८ पासून एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची एक सामाईक यादी सुरू झाली आहे. त्यामुळे प्रशिक्षकाला वीस-एकवीस वर्षांचा तयार गडी घरबसल्या सापडतो आणि सतरा वर्षांच्या नवख्या मुलाला दारात थांबावे लागते.

इकडे पालकांचा खर्च मात्र थांबत नाही. शाळेच्या संघाखेरीज खाजगी क्लब असतात. ते उन्हाळाभर गावोगाव सामने खेळतात. प्रवेशशुल्क, प्रवास, हॉटेल, फळ्या, हातमोजे, खाजगी शिकवणी अशी बेरीज वर्षाकाठी काही हजार डॉलरांवर सहज जाते. त्यातच महाविद्यालयांच्या शिबिरांची निमंत्रणे येऊ लागतात. ‘आमच्या मुलाला अमक्या विद्यापीठाचे पत्र आले’ असे आनंदाने सांगणारे आईबाप मी पाहिले आहेत. अशी पत्रे शेकडो मुलांना जातात आणि शिबिराची फी भरावी लागते, हे त्यांस कोणी सांगितलेले नसते. खरी निवड ओळखण्याची खूण निराळी आहे. नियमाप्रमाणे पहिल्या वर्गाचा प्रशिक्षक मुलाची अकरावी सुरू होण्याच्या वेळी, १ ऑगस्टपासून, त्याच्याशी निवडीविषयी बोलू शकतो. त्यानंतर प्रशिक्षकाने स्वतः फोन केला, मुलाचा खेळ कोठे पाहिला ते सांगितले, त्याच्या गुणपत्रिकेची चौकशी केली, तर काही अर्थ आहे असे समजावे. बाकीची पत्रे म्हणजे जाहिरात होय.

तात्पर्य, हा खर्च शिष्यवृत्तीच्या आशेने करणे हा तोट्याचा व्यवहार आहे. तेवढाच पैसा शिक्षणासाठी बाजूला ठेवला असता तर तो निश्चित हाती आला असता. मुलगा आनंदाने खेळतो आहे आणि घरची स्थिती बरी आहे, तर खर्च अवश्य करावा; पण केला तो दिला, असे समजून करावा. ‘तुझ्यासाठी आम्ही एवढे ओतले आणि तू हा असा खेळतोस’ हे वाक्य ज्या घरात एकदा उच्चारले गेले, त्या घरात बापाचा सावकार झालाच. मग मुलगा प्रत्येक चेंडूबरोबर हप्ता फेडीत राहतो.

एकलव्याचा बाप कोठे होता?

एकलव्याने गुरुदक्षिणा म्हणून अंगठा कापून दिला, ही कथा आपण मुलांना भक्तीचा आदर्श म्हणून सांगत आलो. परंतु त्या प्रसंगी त्याचा पिता हिरण्यधनू तेथे उभा असता तर त्याने काय केले असते, हा प्रश्न आपण कधी विचारीत नाही. मुलाला गुरूची भक्ती असते, संघाचा अभिमान असतो. मागितले ते देऊन टाकावे असेच त्या वयात वाटते. म्हणून अंगठा मागितला जाईल त्या क्षणी ‘नाही’ म्हणणारे कोणी वडीलधारे माणूस जवळ असावयास हवे. बेसबॉलमध्ये अंगठ्याच्या जागी कोपर मागितले जाते, एवढाच फरक.

कोपराच्या आतल्या बाजूस दोन हाडे बांधून ठेवणारा एक लहानसा अस्थिबंध असतो. जोराच्या फेकीत त्यावर विलक्षण ताण येतो. लॉस एंजेलिसच्या संघातील टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या पिचरचा हा बंध तुटला, तेव्हा २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातील एक स्नायुरज्जू काढून तो डाव्या कोपरात बसविला. १९७६ साली जॉन पुन्हा मैदानात उतरला आणि १९८९ पर्यंत खेळत राहिला. कारकीर्दीत जिंकलेल्या २८८ सामन्यांपैकी १६४ त्याने शस्त्रक्रियेनंतर जिंकले. ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्या यशाचा एक अनर्थही झाला. शस्त्रक्रियेने हात पूर्वीपेक्षा बळकट होतो, असा खुळा समज पसरला. वस्तुतः त्यानंतर सामन्यात परतण्यास वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि प्रत्येकाला पूर्वीचा हात परत मिळतो असेही नाही. २००७ ते २०११ या काळात अमेरिकेत झालेल्या अशा शस्त्रक्रियांची पाहणी करण्यात आली, तेव्हा त्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण पंधरा ते एकोणीस वर्षांचे निघाले! ज्या मुलांना अद्याप नीट मिसरूडही फुटलेले नाही, त्यांची ही कथा.

याचे कारण गूढ नाही. नऊ ते चौदा वर्षांच्या ४८१ पिचर मुलांवर दहा वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षात शंभराहून अधिक डाव चेंडू टाकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापत होण्याचा संभव इतरांच्या साडेतीन पट आढळला. अति तेथे माती, ही आपली म्हण त्या विद्वानांनी आकड्यांनी सिद्ध केली म्हणावयाची.

२०१४ साली तेथील व्यावसायिक बेसबॉलच्या मंडळाने व राष्ट्रीय संघटनेने मिळून वयोमानानुसार मर्यादा आखून दिल्या. त्यांप्रमाणे अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ८५, तेरा ते सोळा वर्षांच्याने ९५, आणि सतरा-अठरा वर्षांच्याने १०५ चेंडूंच्या पुढे जाऊ नये. जितके चेंडू अधिक तितकी विश्रांती अधिक: पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने ३१ ते ४५ चेंडू टाकले तर एक दिवस, ४६ ते ६० टाकले तर दोन, ६१ ते ७५ टाकले तर तीन, आणि ७६ वा त्याहून अधिक टाकले तर चार दिवस हात स्वस्थ ठेवावयाचा. वर्षातून चार महिने खांद्यावरून फेक करणे बंद ठेवावे आणि त्यांपैकी दोन-तीन महिने तरी सलग असावेत, हेही सांगितले आहे.

आता एक साधे उदाहरण घ्या. पंधरा वर्षांच्या मुलाने गुरुवारी शाळेच्या सामन्यात सत्तर चेंडू टाकले. शुक्रवार, शनिवार, रविवार हे त्याचे विश्रांतीचे दिवस; सोमवारपूर्वी त्याने चेंडू टाकता कामा नये. परंतु शनिवारी क्लबचा सामना आहे. शाळेचा प्रशिक्षक शाळेचे चेंडू मोजतो, क्लबचा प्रशिक्षक क्लबचे मोजतो. गुरुवार आणि शनिवार यांची बेरीज कोण करणार? ती बेरीज करू शकणारी माणसे जगात दोनच, आई आणि बाप. म्हणून एक साधी वही करावी. तारीख, सामना, चेंडूंची संख्या आणि पुन्हा कधी टाकावयाचे तो दिवस, असे चार रकाने आखावे व ती वही शनिवारी क्लबच्या प्रशिक्षकापुढे नम्रपणे ठेवावी. चांगला प्रशिक्षक आभार मानतो. जो रागावतो त्याचा क्लब सोडावा. या बाबतीत भीड धरू नये.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चा असते व ती अस्थिबंधापेक्षाही दुबळी असते. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूस दुखू लागले तर गोळी देऊन मुलाला मैदानात पाठवू नये, फेक थांबवून वैद्यांस दाखवावे. दुसरी गोष्ट शक्तिवर्धक चूर्णांची. अशा चूर्णांत काय मिसळलेले असते याची खात्री डब्यावरील चिठ्ठीवरून पटत नाही, आणि बंदी असलेले द्रव्य पोटात गेल्याचे आढळल्यास महाविद्यालयीन खेळाडूस एक वर्ष खेळास मुकावे लागते. ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब चालत नाही. वरणभात, उसळ, दूध-दही, शेंगदाणे आणि रात्रीची नऊ तास झोप यांवर मुलगा उत्तम पोसतो.

विद्येची ठेव

मी मास्तर असल्यामुळे या भागाकडे माझे लक्ष अधिक जावे, हे स्वाभाविक आहे. पहिल्या वर्गात खेळावयाचे तर नववीपासून बारावीपर्यंत ठरावीक सोळा मूलभूत विषय पुरे करावे लागतात: इंग्रजी चार वर्षे, गणित तीन, विज्ञान दोन, आणि याखेरीज समाजशास्त्र आदी. त्यांपैकी दहा विषय बारावी सुरू होण्यापूर्वीच व्हावे लागतात आणि गुणांची सरासरी चारपैकी निदान २.३ असावी लागते. आपल्या घरांतील मुलांना ती सरासरी अवघड नाही. चूक होते ती विषयांच्या निवडीत. म्हणून नववीतच शाळेच्या मार्गदर्शकास भेटून यादी पडताळून पाहावी. नियम बदलत असतात, यास्तव दरवर्षी नव्याने पाहावी.

महाविद्यालय निवडताना मुलाला एकच प्रश्न विचारावा: ‘पहिल्याच महिन्यात तुझा हात दुखावला आणि चेंडू कायमचा सुटला, तर या ठिकाणी चार वर्षे शिकणे तुला आवडेल काय?’ उत्तर ‘होय’ असेल तर तिसऱ्या वर्गातील लहानसे महाविद्यालयही उत्तम. ‘नाही’ असेल तर कितीही नामांकित संघ असला तरी ते स्थळ सोडून द्यावे. प्रशिक्षक बदलतात, संघातून नावे कमी होतात, पदवी राहते.

हा प्रश्न अशुभ बोलण्याचा प्रकार नव्हे, हे कुमार रॉकर याच्या चरित्रावरून कळते. त्याचे मातृकुल भारतीय वंशाचे. नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून खेळताना ८ जून २०१९ रोजी त्याने ड्यूक विद्यापीठाविरुद्ध संपूर्ण सामन्यात एकही यशस्वी टोला मारू दिला नाही आणि एकोणीस फलंदाज बाद केले. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले. परंतु वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. पुढच्या वर्षी टेक्ससच्या संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले, तर २०२३ मध्ये कोपराची तीच शस्त्रक्रिया करावी लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो अखेर सर्वोच्च पातळीवर उतरला. ज्याच्या गुणांविषयी कोणास शंका नव्हती त्याची ही वाट. मग सामान्य गुणवत्तेच्या मुलाने एका हातावर सर्व आयुष्य पणाला लावावे काय?

खेळ आणि विद्या यांचे वैर आहे, असे मात्र कोणी समजू नये. पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर हे स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीला टेकले होते. दोन्ही व्रते एका पुरुषाच्या ठायी सुखाने नांदू शकतात, याहून अधिक पुरावा आपणांस कशाला हवा?

घरातील वागणूक

सर्वांत नाजूक ठेव म्हणजे खेळाविषयीचे प्रेम. ते बहुधा मैदानात मरत नाही. सामना संपल्यावर घरी परतताना मोटारीत मरते. मुलगा दमलेला, हरलेला, आणि बापाचे व्याख्यान सुरू: तो चेंडू का सोडलास, पाय का घसरला. मुलाला आपली चूक बापाच्या आधी कळलेली असते. त्या वेळी ‘तुझा खेळ पाहून बरे वाटले, भूक लागली असेल ना?’ एवढेच बोलावे. पुढची चर्चा त्याने काढली तर करावी. कुंपणाबाहेरून ओरडून सूचना देणे तर अगदीच वर्ज्य समजावे. ते प्रशिक्षकाचे काम आहे.

दूर असलेल्या आजीआजोबांनाही एक विनंती आहे. न्यू जर्सीत सायंकाळी सहाचा सामना म्हणजे उन्हाळ्यात पुण्यातले पहाटेचे साडेतीन. तेवढ्यासाठी जागणारे आजोबा धन्य होत. पण सकाळी फोनवर पहिला प्रश्न ‘जिंकलास का?’ असा नसावा. ‘मजा आली का रे?’ असा असावा. घरात बहीण असेल आणि ती सॉफ्टबॉल खेळत असेल, तर तिच्या सामन्यासही तितक्याच आस्थेने जावे. मुलाने एखाद्या दिवशी ‘मला आता खेळावयाचे नाही’ असे म्हटले, तर आठ दिवस थांबून पुन्हा विचारावे आणि उत्तर तेच आले तर आनंदाने मान्य करावे. या कुटुंबात त्याचे स्थान चेंडूमुळे निर्माण झालेले नाही, हे त्याला त्या दिवशी पक्के कळते.

बाविसाव्या वर्षाच्या आसपास बहुतेक सर्व मुलांचा हा खेळ संपतो. त्या दिवशी हातमोजा खुंटीला टांगणाऱ्या तरुणाचा हात धड असावा, हाती पदवी असावी, आणि रविवारी मित्रांबरोबर हौसेने चेंडू फेकावा असे त्याला अजूनही वाटत असावे. एवढी ठेव ज्यांनी त्याच्या पदरात परत घातली, त्या आईबापांचा हिशेब चोख मिळाला असे खुशाल समजावे; मग मुलगा ज्या संघातून खेळला तो कोणत्या का वर्गातील असेना.